कबर कुणाच्या नावावर?

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आमच्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत एकदा येऊन पाहा. तिथे तुम्हाला फक्त बायका दिसतील. कुणाच्या हातात खराटा, कुणाकडे चुन्याची बादली, कुणी विळ्याने गवत काढते आहे, कुणी दगडावरच्या अक्षरांतले शेवाळे काडीने खरवडते आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे उपासनेला पुरुष येतात. इस्त्रीचे कपडे, हातात मेणबत्ती. धुतल्या-पुसल्या कबरीपाशी उभे राहून प्रार्थना करतात आणि परतताना एकमेकांना सांगतात, "यंदा आपल्या वडिलांची कबर छान दिसतेय."

मी त्या शनिवारच्या बायकांपैकी एक. लहानपणापासून आत्याबरोबर जात आले. आता पुण्याला राहते, तरी एस.टी. पकडून जाते. करोनाच्या काळात दोन वर्षे जाता आले नाही. २०२२ साली चुन्याची बादली घेऊन आत्याच्या कबरीपाशी गेले, तर तिथे आत्या नव्हती. त्या जागी ताजी माती होती, नवा लाकडी क्रूस होता, त्यावर एका अनोळखी गृहस्थाचे नाव होते. मला वाटले, ओळ चुकली. दोन्ही बाजूंच्या कबरी मोजल्या. ओळ चुकली नव्हती.

राखणदाराच्या बायकोने सांगितले, "ताई, मुदत संपली होती. नोटीस लागली होती. हाडं मागच्या मोठ्या खड्ड्यात गेली."

हे मी रडगाणे म्हणून लिहीत नाही. ही गोष्ट कुणा दुष्ट माणसामुळे घडलेली नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले. म्हणूनच त्या नियमाबद्दल आपण बायकांनी बोलले पाहिजे.

आत्या मिशनच्या इस्पितळात परिचारिका होती. छत्तीस वर्षे नोकरी. लग्न केले नाही. १९६८ साली आजोबा वारले, तेव्हा कुटुंबासाठी शेजारी शेजारी दोन कबरींची कायमची जागा घ्यायचे ठरले. पैसे आत्याने दिले, पगारातून, हप्त्याहप्त्याने. पावती मात्र माझ्या वडिलांच्या नावाने झाली. वडील तेव्हा कॉलेजात शिकत होते, एक पैसा कमवत नव्हते. पण ते घरातले पुरुष होते, म्हणून कमिटीच्या वहीत "कुटुंबप्रमुख" या रकान्यात त्यांचे नाव पडले. आत्याला त्यात काही वावगे वाटले नसावे. कुणालाच वाटले नाही.

वडील १९९४ साली गेले. त्यांच्यामागे वहीत आपोआप दादाचे, माझ्या भावाचे नाव आले. आईला कुणी विचारले नाही, मला विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. २०१५ साली आई गेली, तिला वडिलांच्या कबरीत जागा मिळाली. पुढच्याच वर्षी आत्या गेली. दुसरी कबर आजी-आजोबांची. आजीला जाऊन एकतीस वर्षे झाली होती, ती कबर नियमाप्रमाणे उघडता आली असती. त्यासाठी एकच सही हवी होती, दादाची. दादा परगावाहून आला, पाच मिनिटे विचार केला आणि म्हणाला, "ती जागा राहू दे. पुढे आपल्यालाच लागेल. आत्याला सध्या तात्पुरत्या भागात ठेवू. नंतर बघू."

मैत्रिणींनो, त्या "आपल्याला" या शब्दात आत्या बसत नव्हती. मीही बसत नव्हते, पण ते मला तेव्हा कळले नाही. मी तिथेच उभी होते. पावती तर माझ्याच कपाटात होती. मी तोंड उघडले नाही, कारण घरात मयत असताना जागेचा हक्क सांगणारी बाई कशी दिसते, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

तात्पुरत्या भागाची मुदत पाच वर्षांची. ती २०२१ साली संपली. नोटीस चर्चच्या दारावरच्या फळ्यावर लागली आणि एक पत्र दफनाच्या अर्जावर सही करणाराला गेले. दादाने ते घर केव्हाच सोडले होते. जी बाई दर वर्षी कबरीला चुना लावत होती तिचा पत्ता कमिटीकडे नव्हता. तिचा पत्ता लिहून घ्यायला वहीत रकानाच नव्हता.

मी कमिटीकडे गेले. चिटणीस भले गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि समजावले, "बाई, तुमचे लग्न झालेले. तुमची जागा मिस्टरांच्या घराण्याच्या कबरीत. इथे सहीचा अधिकार मुलाचा." मी विचारले, "आत्याचे लग्न झाले नव्हते. तिची जागा कुठली?" त्यावर ते काही बोलले नाहीत.

लग्न झाले तर नवऱ्याच्या घराण्यात, नाही झाले तर भावाच्या मर्जीवर. मिळकतीच्या बाबतीत आपण हे वाक्य कितीदा ऐकले आहे! आणि मिळकतीच्या बाबतीत तर ते कायद्यानेही टिकत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मुलांना आणि मुलींना सारखा वाटा आहे. लग्न झालेली, न झालेली असा भेद त्यात नाही. त्रावणकोरात मात्र १९१६ चा जुना कायदा चालू राहिला होता. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी ते मिळे. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला.

पण कबरीची जागा आपण "विकत घेतली" म्हणतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी आपल्याला जमीन मिळत नाही. मिळतो तो पुरण्याचा हक्क, तोही त्या संस्थेच्या नियमांनी बांधलेला. म्हणून मी कायद्याचे नाव काढताच कमिटी म्हणते, "ही मिळकत नाही, हा रिवाज आहे." गंमत पाहा. शेताचा प्रश्न आला की हक्कसोडपत्रावर बहिणीची सही लागते. ती घ्यायला भाऊ साडी घेऊन घरी येतो. हक्क सोडण्यासाठी बहिणीची सही चालते. कबर उघडण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी, तिच्यावर नाव कोरण्यासाठी तीच सही चालत नाही.

आता या हक्काच्या मालकांना कबरीबद्दल काय ठाऊक असते ते पाहू. मी पंधरा वर्षे हिशोबाची वही ठेवली आहे. चुना, ब्रश, गवंड्याची मजुरी, पाणी आणणाराची मजुरी, एस.टी.चे भाडे. त्या वहीत जे शिकले ते सांगते, कारण हेही ज्ञानच आहे आणि ते बायकांकडेच आहे.

आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नवी कबर खचतेच. म्हणून निदान एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच वर बांधकाम करावे. घाईने महिन्याभरात फरशी बसवली की पुढच्या वर्षी ती मधोमध मोडते. आजोबांच्या कबरीचे दगड चुन्यात बसवलेले आहेत. तिथे सिमेंट भरू नये. पाणी आत अडकते आणि दरजा फुटतात. संगमरवर अॅसिडने कधीही धुऊ नये. त्या वेळी लख्ख दिसतो, पण अॅसिड दगडच खाते आणि थोड्या वर्षांत अक्षरे पुसट होतात. दर वर्षी अक्षरांवरून चुना फिरवला तर थर साचून नाव बुजते. नावाची जागा सोडून हात फिरवावा. पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. नुसते वरून छाटले तर मूळ आत जाड होत राहते आणि एके दिवशी दगड उचलते. लोखंडी क्रूसाचा गंज खरवडून आधी लाल ऑक्साइड लावावे, मग रंग.

हे सगळे नेमाने, दर वर्षी करायचे काम. त्यात नाव होत नाही. नाव होते ते संगमरवरात. परगावी राहणारा मुलगा दहा वर्षांनी येतो, कबरीची दशा पाहून त्याला भरून येते, तो एकरकमी पैसे ओततो, वर पांढराशुभ्र दगड बसवतो आणि त्यावर कोरतो, "शोकाकुल पुत्र". त्या दगडाखालचे गवत पुढली वीस वर्षे कोण काढते ते कोरलेले नसते. स्वयंपाकघरात जे चालते तेच इथे. रोजची भाकरी बाईची, सणाच्या पंगतीचा मान पुरुषाचा.

आणि आपल्याही खाली एक बाई आहे, तिला विसरून चालणार नाही. राखणदाराला कमिटी पगार देते. कमी देते, पण देते. त्याची बायको वर्षभर गवत काढते, झाडांना पाणी घालते, कुत्री हाकलते. तिला काही नाही. ईस्टरला आम्ही एखादी जुनी साडी देतो आणि स्वतःला उदार समजतो. मीही तेच करत आले. तिच्या मजुरीचा हिशोब माझ्या वहीत कुठेच नाही.

कायमची निगा राखणे शक्यच नाही, असे मला कमिटीत सांगितले गेले. मी पुण्यात राहते. इथे खडकीला युद्धात मेलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींच्या कायमच्या निगेची खात्री नव्हती, तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी एकत्र आणण्यासाठी ती तयार केली गेली. १९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ती सांभाळतो. हिरवळ कापलेली, प्रत्येकाचे नाव वाचता येते. हुद्दा कुठलाही असो, दगड सारखाच. म्हणजे निगा राखता येते, समानताही राखता येते. फक्त ते कुणासाठी करायचे हे ठरवावे लागते. लढाईत मेलेल्या पोरांबद्दल माझ्या मनात दुःखच आहे. पण छत्तीस वर्षे बाळंतपणे करणाऱ्या बाईच्या वाट्याला पाच वर्षांची मुदत का, हा प्रश्न तिथून परतताना दर वेळी पडतो.

"घराण्याची कबर" म्हणजे बापाच्या रक्ताची कबर, हेही काही आभाळातून पडलेले नाही. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर या बाईंकडे पाठवल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनाच्या जागेत त्यांना ठेवून घेतले आणि वर दगड उभा केला. जात नाही, धर्म नाही, देश नाही, रक्त नाही. एका बाईने दुसरीला आपले मानले, एवढेच. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे यावर भाऊबंद वाद घालू लागले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालू लागल्या. तेव्हाही रिवाज होताच. आणि आमच्या कमिटीला आत्या घराण्यात बसवता येत नाही!

हा विषय मी एका शिबिरात काढला तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला आक्षेप असा की इथे जिवंत बायका मारल्या जातात, टाकून दिल्या जातात. गावोगावी दलितांना मयत नेण्यासाठी हक्काची जागा नाही. आणि तू कबरीच्या चुन्याबद्दल बोलतेस? हे खरे आहे. ज्यांना पुरायला जागाच नाही त्यांचा लढा आधी. पण ज्या वहीने आत्याला बाहेर ठेवले, तिच्यासारखीच वही घरपट्टीवर, सातबारावर असते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि जमीन बाईच्या नावावर करायला लावली, ती याच वहीविरुद्ध होती. जी बाई हयातीत कुटुंबप्रमुख होऊ शकत नाही ती मेल्यावर कशी होईल? टाकलेली बाई, विधवा, एकटी, आंतरजातीय लग्न करून घराबाहेर पडलेली, यांना शेवटी कुठे जागा मिळते ते पाहा. त्यांना हयातीत काय मिळाले असेल ते तिथे कळते.

दुसरा आक्षेप आमच्याच मंडळीतल्या एका भगिनीचा. "आत्मा देवाकडे गेला. मातीला एवढे कशाला जपायचे?" ठीक आहे. पण मग सगळ्यांच्याच मातीला जपू नका. पाळकसाहेबांच्या कबरीभोवती लोखंडी कठडा आणि आत्याची हाडे मोठ्या खड्ड्यात, आणि वैराग्याचा उपदेश फक्त खड्ड्यातल्यांच्या नातेवाइकांना! हे मला मान्य नाही.

आता करायचे काय?

मला आधी वाटले होते, बँकेत एक रक्कम कायमची ठेवावी आणि तिच्या व्याजावर आपल्या कबरीची निगा चालावी. चौकशी केल्यावर कळले की ते इतके सोपे नाही. ठेवीला नॉमिनी नेमला तरी तो मालक होत नाही, पैसा वारसांचाच राहतो. व्याज तेवढेच राहते, गवंड्याची मजुरी वाढत जाते. आणि एका कुटुंबाच्या खाजगी थडग्यासाठी मिळकत कायमची बांधून ठेवणे कायद्याला पसंत नाही. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरस्वती अम्मल विरुद्ध राजगोपाल अम्मल या खटल्यात समाधीच्या पूजेसाठी कायमचे दिलेले दान हिंदू कायद्याने वैध नाही असा निकाल दिला. एका घरापुरते जे आहे त्यात सार्वजनिक हित नाही, असा त्यामागचा विचार.

सुरुवातीला मला हे अन्यायाचे वाटले. आता वाटते, कायदा इथे आपल्याला बरोबर वाट दाखवतो आहे. एकेका घराण्याच्या दगडासाठी पैसे पुरायचे आणि शेजारची कबर खचू द्यायची, हे आपण तरी का करावे? निधी करायचा तर सगळ्या दफनभूमीचा करावा, तात्पुरत्या भागासकट. त्यातून आधी राखणदाराच्या बायकोला मजुरी द्यावी, मग कुंपण, मग पाण्याचा निचरा, मग खचलेल्या कबरी, ज्यांना कुणी नाही त्यांच्या आधी. संगमरवर ज्याला हवा त्याने आपल्या खर्चाने बसवावा.

पण पैशाआधी नाव. नाव न बदलता पैसा दिला तर आत्याने केले तेच पुन्हा होईल. रक्कम आपली आणि पावती भावाची.

गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळीतल्या अकराजणींनी मिळून कमिटीकडे चार मागण्या लेखी दिल्या. एक, जागेच्या नोंदीत सगळ्या वारसांची नावे हवीत, मुलींची आणि विधवेचीही, आणि लग्न न केलेल्या बहिणीचा हक्क तिच्या हयातभर कायम राहावा. दोन, दुरुस्तीसाठी यांपैकी कुणाही एकाची सही पुरेशी मानावी, आणि कबर उघडण्यास हरकत घेणाराने कारण लेखी द्यावे. तीन, मुदत संपण्याआधीची नोटीस निदान दोन पत्त्यांवर जावी, त्यांतला एक पत्ता बाईचा असावा. चार, दफनभूमीच्या कमिटीत निम्म्या बायका असाव्यात.

तिसरी मागणी लगेच मान्य झाली, कारण तिला दोन तिकिटांचाच खर्च आहे. दुसरी अर्धी मान्य झाली. दुरुस्तीला आता बहिणीची सही चालते, कबर उघडायला नाही. पहिली विचाराधीन आहे. चौथीवर एक सभासद हसले. चर्चचे काम बायकांनी करायला त्यांची हरकत नव्हती, फक्त कमिटी म्हटल्यावर त्यांना हसू आले.

दादाबद्दल लिहिले पाहिजे. तो वाईट माणूस नाही. झाले ते कळल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं, तू बघतेयस सगळं." बरोबर होते त्याचे. बघत मीच होते. सही तेवढी त्याची होती. आजी-आजोबांच्या दगडावर आत्याचे नाव कोरायला त्याने आनंदाने सही दिली. तिथे आता तिचे नाव आहे, जन्म-मृत्यूची साले आहेत, आणि खाली लिहिले आहे, "परिचारिका. ही जागा हिने घेतली." तिची हाडे तिथे नाहीत. ती परत मिळणार नाहीत.

हे वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या घरात कबरीची, समाधीची, घराची, शेताची जी कुठली पावती असेल ती काढा. पैसे कुणी दिले ते आठवा आणि नाव कुणाचे आहे ते वाचा. दोन्ही वेगळी असतील, तर मयत घरात यायची वाट पाहू नका. त्या दिवशी आपल्याला बोलता येत नाही. मला आले नाही.